काल चाललेला कोड आज का चालत नाही? नमपाय, जेनसिम आणि ओपनसीव्हीचं भांडण

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना व्हर्जनचे आकडे सुटतात, अशी तक्रार करणाऱ्यांसाठी.)

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. मंगळवार, रात्री साडेनऊ. नुकतं जेवण झालं होतं आणि मामेभावाचा फोन आला. तो नांदेडला एमएस्सी करत होता, कॉम्प्युटर सायन्समध्ये. एरवी हा मुलगा फोन करत नाही, रील पाठवतो. म्हणजे काहीतरी पेटलंय हे मला फोन उचलायच्या आधीच कळलं.

"ताई, काल चालत होतं. आज मी काहीच केलं नाही, तरी चालत नाहीये."

हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलंय. खरं सांगायचं तर तेवढ्याच वेळा स्वतः म्हटलंय. आणि दर वेळी "काहीच केलं नाही" यातल्या "काहीच"मध्ये काहीतरी लपलेलं असतं.

त्याचा प्रोजेक्ट तसा गोड होता. जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली साडेतीनशे पानं. ओपनसीव्ही वापरून पानं साफ करायची, म्हणजे पिवळट कागद पांढरा आणि अक्षरं काळी. मग टेसरॅक्टकडून अक्षरं ओळखून घ्यायची. आणि आलेल्या मजकुरावर जेनसिममधलं वर्ड-टू-व्हेक चालवायचं, म्हणजे कुठला शब्द कुठल्या शब्दांच्या सोबतीनं येतो ते कळतं. "शेत" या शब्दाच्या आसपास कोण बसतं, "बाई"च्या आसपास कोण बसतं, असा एक तक्ता त्यानं रिपोर्टमध्ये दिला होता. शुक्रवारी व्हायवा. आणि त्याच्या सरांनी त्या दिवशी सांगितलं होतं, "तो तक्ता माझ्यासमोर पुन्हा काढून दाखव."

अगदी वाजवी मागणी. पण पोरगं घामाघूम.

त्याच्याकडे स्वतःचा बरा लॅपटॉप नाही. तो ब्राउझरमधल्या फुकट नोटबुकवर काम करायचा, कधीकधी चक्क फोनवरून. तिथं गंमत अशी की सत्र संपलं की तुम्ही बसवलेलं सगळं पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. आणि त्या कोऱ्या पाटीवर आधीपासून जी पॅकेजेस मांडून ठेवलेली असतात, त्यांची व्हर्जन्स नोटबुक चालवणारे लोक मधूनमधून बदलतात. म्हणजे त्यानं खरंच काही केलं नव्हतं. जमीनच सरकली होती.

मी म्हटलं, स्क्रीनशॉट पाठव. आला. लाल ओळींनी भरलेला. सगळ्यात खाली एक ओळ होती, तिचा मतितार्थ असा: नमपायच्या डीटाइपचा आकार बदललेला दिसतो, ९६ अपेक्षित होता, ८८ मिळाला.

९६ आणि ८८. हे दोन आकडे पाहून मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. मित्र कसला, जुना सावकार.

माझी स्वतःची फजिती आधी सांगते, मग त्याच्याकडे परत येऊ. नमपाय २.० आलं १६ जून २०२४ ला. रविवार होता. सोमवारी बकरी ईदची सुट्टी. मंगळवारी मी ऑफिसात आले, नेहमीचा बिल्ड सुरू केला, चहा आणायला गेले, परत आले तर सगळं लाल. आमच्या यादीत पांडाज २.०.३ असं नेमकं लिहिलं होतं. नमपायसमोर मात्र काहीच लिहिलं नव्हतं, नुसतं नाव. ती यादी मीच केली होती. नुसतं नाव लिहिलं की पिप सगळ्यात नवं आणतो. त्यानं इमानेइतबारे २.० आणलं. आणि पांडाज २.०.३ ला बिचाऱ्याला हे माहीतच नव्हतं की जगात नमपाय २ नावाचं काही येणार आहे. ते त्याच्या आधी जवळपास वर्षभर बाहेर पडलं होतं.

आता हे ९६-८८ काय प्रकरण आहे?

नमपाय (ऐकताना कुणाच्या तरी पाया पडल्यासारखं वाटतं, आणि पायथॉनमध्ये आकडेमोड करणारे बहुतेक सगळे पडतातच) वरून पायथॉन दिसतं, पण आत सी भाषेत लिहिलेलं आहे. म्हणून ते वेगवान. पांडाज, सायपाय, जेनसिम यांचेही जड भाग असेच आधी कंपाइल करून येतात. कंपाइल होताना ते नमपायच्या आतल्या रचनेची मापं घेऊन ठेवतात. अमुक माहिती सुरुवातीपासून इतक्या बाइटवर, तमुक तितक्या. शिंप्यानं एकदा माप घेतलं आणि कापड कापलं, तसं. डीटाइप म्हणजे "हे आकडे कुठल्या प्रकारचे आहेत" हे सांगणारी वस्तू. १ च्या मालिकेत तिचं माप ९६ होतं, २ मध्ये ८८ झालं. जुन्या मापानं शिवलेलं पॅकेज नव्या अंगावर चढवायला गेलं की पायथॉन म्हणतं, थांबा. आणि थांबतं हे आपलं नशीब. न थांबता चुकीच्या जागची माहिती वाचली असती तर?

नमपायवाल्यांनी हे उगाच केलं नाही, हेही सांगायला हवं. नमपाय १.० आलं २००६ मध्ये. त्याआधी न्यूमेरिक आणि नमअ‍ॅरे अशी दोन वेगवेगळी पॅकेजेस होती आणि लोक दोन तंबूंत विभागले गेले होते. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोघांना एकत्र आणून नमपाय केलं. १.० पासून २.० पर्यंत अठरा वर्षं गेली. अठरा वर्षांत घरात किती अडगळ साठते? कधीतरी ती काढावीच लागते. त्यांनी सोयही चांगली ठेवली होती. २.० समोर ठेवून कंपाइल केलेलं पॅकेज १ च्या अलीकडच्या व्हर्जन्सवरही चालतं. उलटं मात्र चालत नाही. आणि पांडाज २.२.२ सारखी तयार व्हर्जन्स एप्रिलमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, येऊन बसली होती. मी यादीत नमपायसमोर एक आकडा लिहिला असता तर माझी मंगळवारची सकाळ वाचली असती.

तुमच्यातले काही विचारतील, की माझ्या फोनवर एवढी अ‍ॅप्स आहेत, त्यांची अशी भांडणं का होत नाहीत? कारण फोनवर प्रत्येक अ‍ॅप आपला डबा घरून आणतं. लागणाऱ्या लायब्ररी आपल्याच पोटात घेऊन येतं. दोन अ‍ॅप्सकडे एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स असली तरी कुणाचं काही बिघडत नाही. जावास्क्रिप्टच्या जगातही एका प्रोजेक्टमध्ये एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या सुखानं राहतात. पायथॉनमध्ये मात्र एका एन्व्हायर्नमेंटमध्ये नमपाय एकच. एकाच स्वयंपाकघरात पाच जणी रांधतायत आणि मिसळणाचा डबा एकच. आणि ते तसंच हवंय, कारण ओपनसीव्हीनं वाचलेलं चित्र म्हणजे नमपायचाच अ‍ॅरे, तो तसाच्या तसा पुढच्या पॅकेजच्या हातात द्यायचा असतो. दोघांचं नमपाय वेगळं असेल तर देणार कसा?

तर परत आपल्या नांदेडकराकडे. मी त्याला म्हटलं, तू कुठल्या क्रमानं काय इन्स्टॉल केलंस ते सांग. तो म्हणाला, आधी ओपनसीव्ही नवीन घेतलं. ४.१२ आलं. मग जेनसिम घेतलं. ४.३.३ आलं. मग लाल ओळी आल्या म्हणून नमपाय अपग्रेड केलं. मग दुसऱ्या लाल ओळी आल्या म्हणून जेनसिम पुन्हा टाकलं. मग...

"किती वेळा?"

"सात-आठ वेळा असेल ताई."

बघा, त्यानं लाल ओळी पाहिल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. मी त्याला फोनवर मोठ्यानं वाचायला लावल्या. आणि त्यात सगळं लिहिलेलं होतं. ओपनसीव्ही ४.१२ ची अट: नमपाय २ किंवा वर, पण २.३ च्या खाली. जेनसिम ४.३.३ ची अट: नमपाय २ च्या खाली. एकाला २ किंवा वर हवं, दुसऱ्याला २ नकोच. असा आकडा या जगात नाही. सात वेळा काय, सत्तर वेळा इन्स्टॉल केलं तरी नाही.

मग पिपनं त्याला आधीच "नाही जमणार" म्हणून का नाही सांगितलं? सांगितलं की, पण काम उरकल्यावर. पिपमध्ये २०२० च्या शेवटी, २०.३ व्हर्जनला, नवा रिझॉल्व्हर आला. एका कमांडमध्ये तुम्ही जेवढी पॅकेजेस मागता, तेवढ्यांच्या अटी एकमेकींशी जुळतात का हे तो नीट बघतो, जुळत नसतील तर मागची व्हर्जन्स चाचपून बघतो. पण जे आधीच बसलेलं आहे, त्याच्या सगळ्या अटी तो त्या हिशोबात धरत नाही. म्हणून वेगळ्या कमांडनं जेनसिम मागितलं, की तो जेनसिमसाठी नमपाय खाली उतरवतो आणि मग शेवटी लाल अक्षरांत कळवतो, अहो, यामुळे ओपनसीव्हीची अट मोडली बरं का. लग्नाची तारीख ठरवून झाल्यावर आत्याला फोन करून "तुला जमेल ना?" विचारण्यातला प्रकार.

त्यात आणखी एक भानगड. नोटबुकमध्ये नमपाय एकदा मेमरीत चढलं की तुम्ही डिस्कवरचं बदललं तरी चढलेलं तसंच राहतं. डिस्कवर १.२६.४, डोक्यात अजून २. म्हणूनच ते ९६ आणि ८८. सत्र रीस्टार्ट केल्याशिवाय सुटका नाही.

उपाय साधा होता. सगळ्यांना एकत्र बसवून विचारायचं. नवं सत्र, आणि एकाच कमांडमध्ये: जेनसिम नेमकं ४.३.३, नमपाय २ च्या खाली, आणि ओपनसीव्ही, आकडा न देता. पिपनं थोडा विचार केला, ४.१२ सोडलं, ४.११ घेतलं, नमपाय १.२६.४. भांडण मिटलं. मग रीस्टार्ट, आणि वर "पिप चेक" चालवून घेतलं. ही छोटी कमांड बसलेल्या सगळ्यांच्या अटी तपासून सांगते आणि फार कमी लोक ती वापरतात.

जेनसिमचा आकडा मी हट्टानं का दिला? कारण इथं एक सापळा आहे. जेनसिम ४.३.३ वर "२ च्या खाली" ही अट आहे, पण त्याच्या आधीच्या ४.३.२ वर वरची मर्यादाच नाही. त्या वेळी नमपाय २ आलंच नव्हतं, लिहिणार काय? रिझॉल्व्हर मात्र फक्त लिहिलेलं वाचतो. नवं जुळत नाही म्हणून तो मागे सरकत ४.३.२ पाशी पोचू शकतो आणि खूश होऊन म्हणू शकतो, हे बघा, यांना काही अडचण नाही! कागदावर सगळं जुळलेलं, आणि चालवलं की कोसळतं. तेच ४.३.२ सायपाय १.१३ सोबतही पडायचं, कारण त्याला हवं असलेलं ट्राययू नावाचं फंक्शन सायपायनं त्या जागेवरून काढून टाकलं होतं. म्हणून वरची मर्यादा लिहावी की नाही यावर पॅकेज लिहिणाऱ्यांचे वाद चालतात. न लिहिली तर माझ्यासारखीचा मंगळवार जातो. लिहिली तर चालू शकणाऱ्या जोड्याही अडतात, आणि मागच्या दारानं जुनी व्हर्जन्स शिरतात. माझं मत विचाराल तर, लायब्ररी लिहिणाऱ्यानं मर्यादा जपून घालावी, पण तुमचा प्रोजेक्ट, तुमचा रिपोर्ट, त्यात प्रत्येक आकडा नेमका लिहावा. तिथं मोकळं सोडायला काहीच कारण नाही.

रात्रीचे साडेअकरा. कोड चालला. मी म्हटलं, चल, गुड नाइट. तर तो म्हणाला, "ताई, तक्ता वेगळा आलाय."

थोडा वेगळा येणं मला अपेक्षित होतं. वर्ड-टू-व्हेकमध्ये सुरुवात यादृच्छिक असते, सीड दिलं तरी एकाहून जास्त वर्कर असले की क्रम थोडा हलतो. पूर्ण तेच उत्तर हवं तर वर्कर एक ठेवायचा, आणि पायथॉनचं हॅश सीडही बांधून ठेवायचं. ते केलं. दोनदा चालवलं, दोन्ही वेळा तेच उत्तर. पण रिपोर्टमधल्या तक्त्यापेक्षा वेगळं. आणि थोडंथोडकं नाही. तक्त्यात "शेत"च्या जवळ असणारे चार शब्द यादीतून गायब.

मग पानं बघायला लागलो. साफ केलेली पानं त्यानं ड्राइव्हवर ठेवली होती. पहिली दोनशेवीस छान. त्यानंतरची एकशेतीस... कागदाचा उजळ भागच काळा, ठिपकेदार. मी विचारलं, ही अशी का? तो म्हणाला, "स्कॅनच खराब होते ते." मूळ स्कॅन उघडले. स्वच्छ होते.

इथं माझी झोप उडाली.

त्याचा साफ करायचा कोड असा होता: एकेक पिक्सेल घ्यायचा (हो, एकेक, लूप लावून, त्यावर मी त्याला वेगळं बोलले), त्यात ४० मिळवायचे, २५५ च्या वर गेलं तर २५५ धरायचं. पिक्सेल म्हणजे ० ते २५५ मधला आकडा, एका बाइटचा. समजा कागदाचा पिक्सेल आहे २३०. अधिक ४०, झाले २७०. नमपाय १ मध्ये असा एकटा आकडा पायथॉनच्या साध्या पूर्णांकात मिळवला की नमपाय मोठा डबा घ्यायचं, २७० मावायचे, मग कोड त्याला २५५ करायचा. पांढरा शुभ्र. नमपाय २ मध्ये नियम बदलला. आता आकडा मूळ प्रकारातच राहतो. एका बाइटमध्ये २७० मावत नाही, २५६ वजा होतात, उरतात १४. चौदा म्हणजे जवळपास काळा. उजळ कागदच काळा.

नियम चुकीचा नाही. उलट जास्त सरळ आहे. आता प्रकार आकड्याच्या किमतीवर अवलंबून राहत नाही. आणि लूप न लावता सगळं चित्र एकदम घेऊन ४० मिळवले असते, तर जुन्या नमपायमध्येही असंच झालं असतं. नवीन नमपाय अशा वेळी वॉर्निंगही देतं, बेरीज मावली नाही म्हणून. पण त्यानं नोटबुकच्या पहिल्याच सेलमध्ये सगळी वॉर्निंग्ज बंद करून ठेवली होती. कुठल्या तरी ट्युटोरियलमधून उचललेली ओळ. आपण सगळ्यांनीच उचललीय.

मग कोडं सुटलं. जूनमध्ये तो सगळं एकाच नोटबुकमध्ये करायचा. पहिल्या सेलमध्ये जेनसिम, त्यामुळे नमपाय आपोआप १.२६ वर उतरायचं. त्या काळात दोनशेवीस पानं झाली. जुलैमध्ये त्यानं फक्त पानं साफ करायला वेगळी नोटबुक केली, त्यात जेनसिम नाही, म्हणून तिथं नमपाय २. उरलेली पानं तिथं झाली. एकाच रिपोर्टातला मजकूर दोन नमपायमधून गेला होता, आणि दोन महिने कुणालाही पत्ता नव्हता. एकही लाल ओळ आली नव्हती. ऑगस्टमध्ये ओपनसीव्ही ४.१२ आणि जेनसिम भांडले नसते, तर तो तक्ता तसाच बांधणीला गेला असता.

बुधवारी त्यानं बेरजेची ओळ दुरुस्त केली (ओपनसीव्हीचं स्वतःचं बेरजेचं फंक्शन आहे, ते २५५ ला थांबतं), आणि साडेतीनशेच्या साडेतीनशे पानं पुन्हा साफ केली. गुरुवारी नवा तक्ता आला. रिपोर्टातले बरेचसे निष्कर्ष टिकले. एक नाही टिकला. "बाई" या शब्दाबद्दल त्यानं दीड पान लिहिलं होतं, त्याला आवडलेलं, सरांनाही आवडलेलं. पूर्ण पानं आल्यावर तो कल दिसेनासा झाला. त्यानं मला रात्री विचारलं, "हे काढलंच पाहिजे का? कुणाला कळणार आहे?" मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं त्याचाच मेसेज आला, काढलं म्हणून.

व्हायवात सरांनी विचारलं, आधीच्या रिपोर्टात होतं ते कुठं गेलं? त्यानं त्या दोन पानांचे फोटो दाखवले, पांढरं आणि काळं. पाच मिनिटं त्यावरच गेली, असं म्हणाला. मार्क किती पडले ते मला अजून सांगत नाही, म्हणजे बरेच असावेत किंवा अजिबात नसावेत.

तुमच्यापैकी जे आत्ता असं काही करतायत, त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. पायथॉनचं व्हर्जनही यादीत लिहा, कारण नमपाय १.२६ ची तयार चाकं, म्हणजे व्हील फाइल्स, पायथॉन ३.१२ पर्यंतच आहेत. ३.१३ वर मागितलं की पिप सोर्सपासून बांधायला बसतो आणि मग सी कंपायलरच्या तक्रारींची वेगळीच वरात निघते. टेसरॅक्टसारख्या गोष्टी पिपच्या यादीत येतच नाहीत. पायटेसरॅक्ट हा नुसता निरोप्या आहे, मूळ प्रोग्रॅम आणि मराठीचा डेटा वेगळा बसवावा लागतो. असं पायथॉनबाहेरचं बरंच असेल तर कोंडा वापरा, त्याचा जन्मच यासाठी झालाय. पूर्वी तो उत्तर शोधताना रवंथ करत बसायचा. २०२३ पासून नव्या सॉल्व्हरमुळे बराच सुधारलाय. कोंडा आणि पिप मिसळायचे असतील तर आधी कोंडा, शेवटी पिप, आणि त्यानंतर पुन्हा कोंडाकडे जाऊ नका. आणि यूव्ही. २०२४ मध्ये आलं, मी आता नव्या कामाला तेच घेते. अटी एका फाइलमध्ये, सापडलेलं नेमकं उत्तर दुसऱ्या लॉक फाइलमध्ये, दोन्ही गिटमध्ये. नोटबुकवरच राहायचं असेल तर निदान शेवटच्या सेलमध्ये "पिप फ्रीझ" चालवून आलेली यादी तक्त्याशेजारीच ठेवा.

आणि दोन पॅकेजेसचं खरंच जमत नसेल तर एकत्र कोंबू नका. मामेभावाच्या कामात पानं साफ करणं आणि शब्द मोजणं यांच्यामध्ये फक्त मजकुराच्या फाइल्स होत्या. दोन वेगळी एन्व्हायर्नमेंट्स केली असती तर भांडायला ती समोरासमोर आलीच नसती. त्या रात्री मला ते सुचलं नाही, हे कबूल करते.

परवा त्याचा पुन्हा मेसेज आला. यंदा रील नाही. "ताई, जेनसिमचं नवीन व्हर्जन आलंय. घेऊ का?" मी विचारलं, कशासाठी? तर म्हणे, सहज.

वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये घे म्हटलं. चला, भेटू पुढच्या भागात.